बर्फ छापायचा नसतो: जुन्या स्कीइंग पोस्टरची भिंतीसाठी प्रत काढताना

भाचीचा फोन आला. "मामा, तू प्रेसमध्ये होतास ना? मग सांग, बर्फ निळा का आलाय?"

तिने घरबसल्या एक प्रिंट मागवली होती. फ्रेंच आल्प्समधलं १९३०च्या आसपासचं स्कीइंगचं पोस्टर. मधोमध लाल स्वेटरवाला गडी उतारावर वळण घेतोय, मागे गडद निळं आकाश, खाली पीएलएम ही एका फ्रेंच रेल्वे कंपनीची तीन ठसठशीत अक्षरं. तिने फोटो पाठवला. बर्फ ट्यूबलाइटच्या उजेडात धरलेल्या चादरीसारखा निळा पडला होता, आकाश जांभळं झालं होतं आणि पीएलएममधला शेवटचा एम अर्धा कापला गेला होता. म्हटलं, परत पाठव ती, मी करून देतो. "चार दिवसांत होईल," असंही म्हणालो. लागला सव्वा महिना. त्या सव्वा महिन्यात जे केलं, जे बिघडवलं आणि जे पुन्हा केलं, ते इथे लिहून ठेवतोय.

मी छपाईच्या धंद्यात सव्वीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक प्री-प्रेसला, म्हणजे स्कॅनिंग आणि रंग जुळवण्याच्या खोलीत. तरीही या पोस्टरने मला पहिल्या दोन खेपांना गंडवलं. कारण मी बर्फ छापायला बघत होतो. या पोस्टरांत बर्फ छापायचा नसतो.

ती पोस्टरं दगडावरून छापलेली असत. लिथोग्राफीत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. चित्रकार किंवा प्रेसमधला कारागीर मेणकट खडूने त्या रंगाचा तेवढाच भाग दगडावर काढायचा आणि कागद एकेका दगडावरून पुन:पुन्हा जायचा. पाच रंग म्हणजे पाच दगड आणि पाच फेऱ्या. कागद मुळात पांढरा असताना पांढऱ्यासाठी कोण दगड घालवेल? म्हणून बर्फाच्या जागी कोरा कागद सोडायचा आणि त्यावर सावलीपुरता फिका निळा किंवा जांभळा टाकायचा. सगळ्याच पोस्टरांत असं असतं असं नाही, काहींत बर्फावरही फिकट रंगाची फेरी असते. पण भिंग लावून पाहिलंत तर बहुतेक वेळा कागदच दिसतो.

आता तो कागद नव्वद वर्षांचा झालाय, पिवळा पडलाय. स्कॅन उघडून "ऑटो" दाबलं की संगणकाला वाटतं चित्रात पिवळा जास्त झाला, म्हणून तो निळा ओततो. सावल्या आधीच निळ्या, त्यांत आणखी निळा. भाचीच्या प्रिंटचं नेमकं हेच झालं होतं.

फाइल कुठून घ्यायची

आधी हे पाहा की मुळात घ्यायला हरकत नाही ना. युरोपात साधारण नियम असा की चित्रकार गेल्यावर सत्तर वर्षं हक्क राहतो आणि सत्तराव्या वर्षाच्या अखेरीस संपतो. स्विस चित्रकार एमिल कार्दिनो १९३६ साली गेला, तो मोकळा. पीएलएमसाठी ढीगभर पोस्टरं करणारा रोजे ब्रोडेर्स १९५३ साली गेला, तो १ जानेवारी २०२४ला मोकळा झाला. मार्टिन पाइकर्ट १९७५ साली गेला, त्याच्या पोस्टरांना २०४५ संपेपर्यंत हात लावायचा नाही. हर्बर्ट मॅटरची फोटो जुळवून केलेली स्विस पर्यटनाची पोस्टरं १९३०च्या दशकातली आहेत, पण तो १९८४पर्यंत जगला, म्हणजे २०५४ अखेर. पोस्टर जुनं दिसतं म्हणून मोकळं असतं असं नाही, चित्रकार कधी गेला ते शोधायचं. सही नसलेलं, कर्ता माहीत नसलेलं काम असेल तर युरोपात प्रसिद्ध झाल्यापासून सत्तर वर्षं धरतात. अमेरिकेत त्या काळात प्रसिद्ध झालेल्या कामांचा हिशेब प्रसिद्धीपासून पंचाण्णव वर्षांचा. प्रत विकायची असेल तर हे सगळं काटेकोर पाहा आणि ज्या देशात विकणार तिथला कायदाही बघा.

भाचीच्या पोस्टरवर सही नव्हती. साल तरी कसं कळणार? इथे पीएलएम कामाला आलं. पॅरिस-लियों-मेडिटेरानी ही रेल्वे कंपनी १९३८च्या सुरुवातीला फ्रान्सच्या सरकारी रेल्वेत विलीन झाली. तेव्हा पीएलएम हे नाव मिरवणारं पोस्टर त्याआधीचंच. स्कीच्या सामानावरूनही थोडा अंदाज येतो. अगदी सुरुवातीच्या चित्रांत माणसाच्या हातात एकच लांब काठी दिसते, नंतर दोन आखूड काठ्या येतात.

फाइलसाठी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका, झुरिकचं म्युझियम फ्युर गेश्टाल्टुंग आणि अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस या तीन ठिकाणी आधी पाहा. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे बऱ्याच पोस्टरांच्या मोठ्या टिफ फाइल थेट उतरवता येतात. चित्र मोकळं असलं तरी संस्थेच्या फाइलला वापराच्या अटी असू शकतात, त्या वाचून घ्या. कुणीतरी कुठूनतरी उचलून कुठेतरी टाकलेली जेपेग घेऊ नका. घेतलीत तर पुढचं सगळं काम म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं.

पुरेशी मोठी म्हणजे किती, तर साधा हिशेब करा. हातात धरून बघायच्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. भिंतीवरचं मोठं चित्र माणूस दीड-दोन मीटरवरून बघतो, तिथे १५० चालतात, २०० असले तर उत्तम. ६० बाय ९० सेंटिमीटरची प्रिंट १५०ने काढायची तर ३,५४३ बाय ५,३१५ पिक्सेल हवेत. तेवढ्याच फाइलमधून ३० बाय ४५ची प्रिंट ३००ने निघते. फाइल लहान असेल तर प्रिंट लहान काढा. पिक्सेल फुगवून मोठी करू नका.

फाइल मिळाली की ती शंभर टक्क्यांवर उघडून तीन जागा बघा: अक्षरांच्या कडा, आकाशाचा सपाट रंग आणि बर्फावरची सावली. अक्षरांभोवती डास घोंघावल्यासारखे ठिपके असतील तर जेपेग जास्त दाबलेली आहे. आकाशात चौकटी दिसल्या तरी तेच. आणि सावलीत बारीक गोल ठिपक्यांची फुलं दिसली, तर कुणीतरी पुस्तकात छापलेलं चित्र स्कॅन केलंय. ऑफसेटच्या छपाईत चार रंगांचे ठिपके वेगवेगळ्या कोनांत बसतात आणि त्यांची अशी फुलं होतात. दगडावरच्या छपाईत ठिपक्यांची जाळी नसते. खडूचा ओबडधोबड दाणा असतो, किंवा ब्रशवरून शिंपडलेले वेडेवाकडे शिंतोडे. ठिपक्यांची फुलं असलेली फाइल मी बाजूला ठेवतो. ती पुन्हा छापली की जाळीवर जाळी बसते आणि आकाशात पाण्यावरच्या तरंगांसारखे पट्टे उठतात.

मूळ पोस्टरच हाती असेल तर

तुमच्या किंवा ओळखीच्या कुणाच्या घरी खरं जुनं पोस्टर असेल तर ते ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये चुकूनही घालू नका. फोटो काढा. पोस्टर सपाट भिंतीला, डाव्या-उजव्या बाजूंना सारखे दोन दिवे, दोन्ही साधारण पंचेचाळीस अंशांतून. खोलीतले बाकीचे दिवे बंद. कॅमेरा तिवईवर, आणि पहिल्या फोटोत पोस्टरशेजारी एक राखाडी कार्ड, नंतर रंग जुळवायला.

कॅमेरा पोस्टरला अगदी समांतर आहे की नाही हे डोळ्याने कळत नाही. पोस्टरच्या मध्यावर छोटा सपाट आरसा टेकवून धरा आणि कॅमेऱ्यातून बघा. आरशात भिंगाचा गोल बरोबर मधोमध दिसला की समांतर. दिसला नाही तर तिवई हलवा. ही युक्ती मला एका म्हाताऱ्या फोटोग्राफरने शिकवली आणि त्यानंतर चित्राच्या चौकटी संगणकावर ताणून सरळ करण्याची वेळ माझ्यावर फारशी आली नाही.

सफाई, पण बेताची

जुनी पोस्टरं घडी घालून ठेवलेली असतात. भाचीच्या पोस्टरवर अधिकचं चिन्ह काढल्यासारख्या दोन घड्या होत्या आणि नेमका छेद स्कीअरच्या गुडघ्यावर. घडीवरची पांढरी रेघ, टाचणीची भोकं, पाण्याचा डाग एवढं क्लोनिंगने, म्हणजे शेजारचा शाबूत तुकडा उचलून वर लावून, काढायचं. क्लोनिंगचा ब्रश लहान ठेवा आणि दर दोन-चार टिचक्यांनी उचलण्याची जागा बदला, नाहीतर एकच डाग पाच ठिकाणी उगवतो आणि बघणाऱ्याचा डोळा तिथेच अडकतो.

खडूचा दाणा मात्र काढायचा नाही. "नॉइज रिडक्शन" नावाचं बटण त्या दाण्याला घाण समजतं. मी पहिल्या खेपेला ते थोडंसं वापरलं आणि डोंगर प्लास्टिकच्या बादलीसारखा गुळगुळीत झाला. चित्र आपोआप मोठं करून देणारी हल्लीची एआय साधनंही याच माळेतली. भाचीच्या फाइलवर एक वापरून पाहिलं. गड्याचा चेहरा मुळात तीन पट्ट्यांचा, डोळ्यांच्या जागी चष्म्याची एक काळी रेघ. साधनाने त्याला डोळे दिले, पापण्या दिल्या. आणि खालच्या बारीक ओळीतली फ्रेंच अक्षरं वितळलेल्या मेणबत्तीसारखी केली.

ती बारीक ओळ असते प्रेसच्या नावाची. बरेच जण ती खोडतात किंवा कापतात. मी कधीच कापत नाही. ज्यांनी दगड घासले, त्यांचा चित्रावर तेवढाच ठसा उरलाय. आणि पोस्टरवरचा मजकूर जसा असेल तसा ठेवा, आज तो चुकीचा वाटला तरी. कार्दिनोच्या १९०८च्या, स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटच्या पोस्टरवर मॅटरहॉर्न शिखराची उंची ४,५०५ मीटर आहे. आज आपण ४,४७८ मानतो. म्हणून आकडा बदलायचा? मुळीच नाही. अक्षरं खराब झाली असली तरी संगणकातला जवळपासचा फाँट टाकून ती पुन्हा लिहू नका. हाताने काढलेल्या अक्षरांत दोन एस कधी सारखे नसतात. त्याच पोस्टरमधला चांगला शाबूत एस उचलून लावा, निदान हात तरी एकाच माणसाचा राहील.

रंग: इथे घाई नको

सव्वा महिन्यातला बहुतेक वेळ इथे गेला.

आधी संगणकाच्या पडद्याचा उजेड कमी करा. आपण सगळे पडदे नको इतके उजळ ठेवतो आणि मग प्रिंट काळवंडलेली आली म्हणून छापणाऱ्याशी भांडतो. पडद्यावर कोरं पान उघडा, शेजारी पांढरा कागद धरा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत पडद्याचा उजेड उतरवा. रंग मोजून लावणारं यंत्र असेल तर उत्तमच.

मग पोस्टरच्या कोऱ्या समासावर रंग मोजण्याचं ड्रॉपर ठेवा. प्रत्येक रंगाचा आकडा शून्य ते २५५ असतो. माझ्या फाइलमध्ये आकडे आले लाल २३३, हिरवा २२१, निळा १९३. निळा सगळ्यांत खाली, म्हणजे कागद किती पिवळा पडलाय ते आकड्यातच दिसतं. आता बर्फाच्या कोऱ्या भागावर ड्रॉपर ठेवा. तिथे जवळपास हेच आकडे आले तर बर्फ म्हणजे कागद, हे पक्कं. माझ्याकडे २३५, २२४, १९९ आले. कडेचा कागद मधल्यापेक्षा थोडा जास्त पिवळा पडतो, म्हणून फरक.

यापुढे दोन वाटा आहेत आणि कोणती घ्यायची हे तुम्ही कोणत्या कागदावर छापणार त्यावर ठरतं. म्हणून कागद आधी ठरवायचा. मी हे उलटं केलं आणि दोन प्रिंट वाया घालवल्या.

कागद झगझगीत पांढरा असेल तर बर्फाला शुद्ध पांढरा करू नका. थोडा मोतिया ठेवा, साधारण २४६, २४२, २३२. प्रिंटर तिथे अगदी विरळ पिवळे ठिपके टाकेल आणि डोळ्याला ते ऊबदार पांढरं वाटेल.

कागद मुळातच मोतिया, ज्याला दुकानदार नॅचरल व्हाइट म्हणतात तसा असेल, तर बर्फाचा पिवळेपणा पूर्ण काढा. तीनही आकडे २५५ला न्या. कर्व्ह्जमध्ये, म्हणजे रंगांचे आकडे बदलायच्या साधनात, प्रत्येक रंगाचं वरचं टोक वेगळं ओढायचं: लालचं २३५वर, हिरव्याचं २२४वर, निळ्याचं १९९वर. २५५ म्हणजे तिथे शाई पडणारच नाही, तुमचा कागदच बर्फ होईल. दगडवाल्यांनी केलं तेच. जुना कागद चित्रातून काढून घ्यायचा आणि त्याच्या जागी नवा द्यायचा, एवढाच खेळ. मला ही वाट जास्त पटते. भाचीच्या प्रिंटमध्ये शेवटी हीच घेतली आणि पहिल्यांदा बर्फ बर्फासारखा बसला.

पण एक मेख आहे. निळ्याचं टोक १९९वर ओढलं की आकाशातला निळासुद्धा चौथ्या हिश्शाहून थोडा जास्तच वर चढतो. बर्फाला ते मानवतं, आकाशाला नाही. म्हणून ही दुरुस्ती एका थरावर घ्या, त्याला मास्क, म्हणजे दुरुस्ती कुठे किती लागावी ते ठरवणारं झाकण, द्या आणि आकाशावर ती निम्मीच लागू करा. लाल स्वेटरवर मी तीन चतुर्थांश ठेवली. याला शास्त्र कमी, नजर जास्त. शिवाय २५५ला ओढताना बर्फातला खडूचा सगळ्यांत फिका दाणा नाहीसा होत नाही ना, ते बघत राहा. तो नाहीसा झाला की उतार जातो, उरतो नुसता कोरा कागद आणि त्यावर तरंगणारा माणूस.

आणि हो, जुनं दिसावं म्हणून वरून तपकिरी ओतणारे लोक असतात. मला ते रुचत नाही. ही पोस्टरं स्टेशनच्या भिंतीवर लागली तेव्हा ताजी होती, भडक होती, थंडीत गाडीची वाट बघणाऱ्या माणसाला तिकीट काढायला लावण्यासाठी केलेली होती. तपकिरी छटा त्यांना कुणी दिली नव्हती. ज्याला जुनेपण हवंय त्याने मूळ कागदाचा पिवळा थोडा शिल्लक ठेवावा, चहाचा रंग ओतू नये.

आकाश जांभळं का होतं, तेही सांगतो. पडद्यावरचा गडद निळा बऱ्याच प्रिंटरांच्या आवाक्याबाहेर असतो. आवाक्याबाहेरचा निळा ओढूनताणून आत आणताना तो जांभळ्याकडे सरकतो. छापणाऱ्याकडून त्याच्या प्रिंटर आणि कागदाच्या जोडीचा आयसीसी प्रोफाइल, म्हणजे ती जोडी रंग कसे छापते ते सांगणारी फाइल, मागून घ्या आणि सॉफ्ट प्रूफमध्ये, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल ते पडद्यावरच, बघा. निळा हिरवट बाजूला थोडासा ढकला, गडदपणा जरा उतरवा. पडद्यावर तो मुळापेक्षा मेलेला वाटेल, कागदावर बरोबर येईल. प्रोफाइल मागितल्यावर छापणारा "ते काय असतं" म्हणाला, तर नमस्कार करून दुसरा शोधा.

माप

स्विस पोस्टरांचं मोठं सुख म्हणजे त्यांचं वेल्टफॉर्माट, म्हणजे जागतिक माप: ९०.५ बाय १२८ सेंटिमीटर. भागून पाहा, १.४१४ येतं. हेच प्रमाण आपल्या रोजच्या ए-फोर, ए-थ्री, ए-टू कागदांचं. त्यामुळे त्या मापाचं स्विस पोस्टर लहान करून ए-टूवर टाकलं की काहीही न कापता कडेला कड बसते.

पीएलएमचं तसं नाही. ती पोस्टरं साधारण ६२ बाय १०० सेंटिमीटर, म्हणजे ए-टूपेक्षा उभट. ती ए-टूत किंवा ६० बाय ९०त कडेपर्यंत भरायची म्हटलं की वरचं-खालचं कापावंच लागतं. भाचीच्या प्रिंटमधला एम असाच गेला. कापू नका, समास सोडा. ए-टू कागद ४२ बाय ५९.४ सेंटिमीटर. त्यात चित्र ५२ सेंटिमीटर उंच ठेवलं तर रुंदी ३२.२ येते, दोन्ही बाजूंना जवळजवळ पाच-पाच सेंटिमीटर मोकळे राहतात, वर-खाली मिळून ७.४. त्यातले वर ३.४, खाली चार. खालचा समास थोडा जास्त ठेवला नाही तर चित्र खाली घसरल्यासारखं वाटतं. फ्रेमवाल्याला माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, बसवायलाही हा समास कामी येतो.

कागद आणि चाचणी

मॅट कागद घ्या. चकचकीत फोटो पेपरवर लिथो म्हणजे धोतरावर बूट. कॅनव्हासवर तर नकोच, खडूचा दाणा आणि कापडाची वीण एकमेकांशी भांडतात. शंभर टक्के कापसाचा, आम्लमुक्त, साधारण ३०० जीएसएमचा कागद आणि पिगमेंट शाईचा, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचा, इंकजेट. याच छपाईला जिक्ले असं भारदस्त फ्रेंच नाव आहे, त्याला घाबरू नका. विरघळलेल्या रंगाची डाय शाई पहिल्या दिवशी झकास दिसते, उन्हाच्या खोलीत मात्र लवकर उडते.

आता एक खोडकर चाचणी. नोटा तपासायची अतिनील विजेरी असते ना, ती अंधारात कागदावर मारा. कागद निळसर चमकला तर त्यात पांढरेपणा वाढवणारं रसायन घातलंय. असा कागद दिवसा थोडा निळा दिसतो आणि पुढे ते रसायन दमलं की पिवळा पडतो. बाकी कुठल्या चित्राला फारसा फरक पडणार नाही. पण इथे कागद हाच तुमचा बर्फ आहे. ज्या पुड्यावर "ब्राइट व्हाइट" लिहिलं होतं तो माझ्या विजेरीखाली लग्नातल्या रोषणाईसारखा पेटला. मोतिया कागद मंदच राहिला. तोच घेतला.

पूर्ण प्रिंट काढण्याआधी पट्टी काढा. चित्रातून दहा सेंटिमीटर रुंदीचा असा तुकडा निवडा की त्यात कोरा बर्फ, बर्फावरची सावली, आकाश, लाल स्वेटर आणि थोडी अक्षरं सगळं येईल. एकाच कागदावर तीन पट्ट्या: एक जशीच्या तशी, एक थोडी उजळ, एक आकाश उतरवलेली. प्रत्येकीखाली काय बदल केला ते छापा, दुसऱ्या दिवशी आठवत नाही. रात्रभर सुकू द्या आणि सकाळी खिडकीपाशी, पण थेट उन्हात नाही, नेऊन बघा. मग जिथे लावणार त्या भिंतीला टाचून दिव्याखाली बघा. माझी दुसरी पट्टी खिडकीत उत्तम होती, भाचीच्या बैठकीतल्या पिवळ्या दिव्यात बर्फ हळद लागल्यासारखा दिसला. तिने दिवा बदलला. मी चौथी पट्टी काढायला तयार होतो, पण "मामा, आता पुरे," म्हणाली.

फ्रेम

प्रिंट गुंडाळून आली असेल तर उलटी गुंडाळू नका, शाई तडकते. स्वच्छ कागद वर-खाली ठेवून दोन दिवस जड पुस्तकांखाली. काच लावण्याआधी किमान एक दिवस, जमल्यास जास्त, उघडी सुकू द्या. ताज्या पिगमेंट शाईतून वाफ निघत राहते आणि काचेच्या आतून धुकं धरतं. काच प्रिंटला टेकता कामा नये, मध्ये आम्लमुक्त माउंट हवं. मागे उघडं एमडीएफ नको, त्यातून निघणारी आम्लं कागदाला पिवळा करतात, मध्ये एक आम्लमुक्त पुठ्ठा घाला. प्रिंट फक्त वरच्या दोन ठिकाणी टांगा, चारी बाजू चिकटवू नका, दमट हवेत कागद फुगला की त्याला हलायला जागा हवी. आणि समोरच्या खिडकीतून ऊन येणारी भिंत टाळा.

मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा: ही प्रत आहे, मूळ पोस्टर साधारण अमुक सालचं, फाइल कुठली, कागद कोणता, शाई कोणती, छापल्याचा महिना आणि वर्ष. उद्या कुणी ती खरी जुनी म्हणून विकू नये. हे लिहायचं ते फ्रेममध्ये घालण्याआधी, काचेवर पालथी ठेवून आणि मऊ शिसाच्या पेन्सिलीने. मी भाचीच्या प्रिंटवर हे टेबलावर, बॉलपेनने, जोर देऊन लिहिलं. तिरक्या उजेडात बघितलं तर उजव्या कोपऱ्यातल्या बर्फावर "पिगमेंट" हा शब्द अजून उलटा वाचता येतो.